गळ, गांडुळं आणि बेचाळीस ब

२ सप्टेंबर, रविवार

संकल्प : या महिन्यात मासेमारी. मोठ्या सरोवरावर. कन्येला घेऊन.

कन्या नऊ ऑक्टोबरला नोकरीसाठी लांबच्या शहरात चालली आहे. ती सात वर्षांची होती तेव्हा मी तिला शब्द दिला होता की तुला सरोवरावर नेईन आणि गळ टाकायला शिकवीन. आता ती तेवीस वर्षांची झाली. मी शब्द मोडलेला नाही. शब्द आहे तिथेच आहे. फक्त अंमलबजावणी बाकी आहे.

सौ.ला सांगितलं तर म्हणाली, मग आजच जा की. ऊन चांगलं पडलंय, सव्वानऊची सरोवराची बस आहे, डबा मी देते. उठलं की निघालं! नियोजन कशाशी खातात हे या घरात मी सोडून कोणाला माहीत नाही. मी बस डेपोत वेळापत्रक विभागाचा प्रमुख आहे, पण घरात त्याचं काय?

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही ठरवाल तेव्हा. समंजस आहे. माझ्यावर गेली आहे.

३ सप्टेंबर, सोमवार

ऑफिस. एक ऑक्टोबरपासून नवं वेळापत्रक. रविवारच्या रिकाम्या फेऱ्या बंद करायच्या. माझा नियम सरळ आहे : ९, १६, २३ या तीन रविवारी कंडक्टरने डोकी मोजायची. तिन्ही वेळा सहाच्या खाली आली तर फेरी बंद. बस कुठे जाते ते मी बघतच नाही. नाव बघितलं की माणूस हळवा होतो. माझ्या तक्त्यात फक्त नंबर आणि डोकी.

शेजारच्या टेबलावर भोंगा. (खरं नाव सगळेच विसरलेत. कुजबुजला तरी गेटवर ऐकू येतं.) त्याला सहज म्हटलं की मासेमारीला चाललोय. त्याने विचारलं, आधी केली आहे का. मी म्हटलं, मध्ये बरीच वर्षं सोडली होती. हे खोटं नाही. न केलेली गोष्ट सोडलेलीच असते. सर्वांत मोठा मासा केवढा पकडलात, असंही त्याने विचारलं. हात पसरून दाखवला. चहाचा कप पडला. तीन फायली गेल्या.

८ सप्टेंबर, शनिवार

काठी घेतली. दुकानदाराने विचारलं, छोट्या माशासाठी की मोठ्या. सरोवर एवढं मोठं, मग मासा लहान का धरायचा? तो म्हणाला, पहिल्यांदाच जात असाल तर साधी बांबूची न्या. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तीन तुकडे जोडायची, रीळवाली, काळी कुळकुळीत काठी घेतली. शिवाय दोन लाइफ जॅकेटं, खिसेवालं जाकीट (खिसे अकरा) आणि पाण्यातलं दाखवणारा चष्मा.

घरी आल्यावर हॉलमध्ये काठी जोडली. पंखा जरा वाकडा झाला. चालतोय पण.

९ सप्टेंबर, रविवार

आज जाता आलं नाही. काठीचे तुकडे सुटेनात. जोडलेली काठी दारातून निघते, पण जिन्याच्या वळणावर अडते. तिरकी केली, उभी केली, खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या दारावरची बेल दोनदा आपोआप वाजली. जिना बांधणाऱ्याला अक्कल नाही.

कन्या सकाळपासून टोपी घालून बसली होती. म्हणाली, आजीच्या काठीला दोरा बांधून नेऊ या ना. हसून सोडून दिलं. लहान आहे अजून.

सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघे गेलेत, जीभ ठणठणीत. त्या म्हणाल्या, मासे नशीबवान आहेत.

१० सप्टेंबर, सोमवार

पहिल्या रविवारचे आकडे आले. १७ अ : दोन डोकी. ४२ ब : चार. ६० : एक, आणि तोही कंडक्टरचा मेहुणा. एवढ्याशा लोकांसाठी आख्खी बस! लाल पेन्सिलीने गोल केले. अशा कामात मन रमतं.

१५ सप्टेंबर, शनिवार

गांडुळं आणली. डेपोच्या माळीबुवांनी कुंडीमागून काढून दिली. माती घालून, झाकणाला भोकं पाडून डबा फ्रिजवर ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंनी बडीशेप समजून डबा उघडला. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या नाहीत. डबा शांतपणे माझ्या उशीवर नेऊन ठेवला. झाकण न लावता.

१६ सप्टेंबर, रविवार

आज तांत्रिक कारण. गळाला गांडूळ लावायचा सराव झालेला नाही. गळ टाकून बसायच्या आधी हे यायला हवं. एक गांडूळ हातात घेतलं, म्हणजे घेणार होतो. प्रश्न भीतीचा नाही, तत्त्वाचा आहे. कोणत्याही जिवाशी असं पहिल्याच भेटीत वागणं मला पटत नाही.

कन्येने एक उचलून तळहातावर ठेवलं. किती मऊ आहे बघा, असं म्हणाली. पुढे म्हणाली की बाबा, लावायचं काम मी करते, तुम्ही नुसते काठी धरून शेजारी बसा, चला, अजून बस मिळेल. तिला समजावून सांगितलं की प्रमुखाला सगळी कामं आलीच पाहिजेत. तिने टोपी काढून खुंटीला लावली.

पुढचा रविवार नक्की. काळ्या दगडावरची रेघ.

१७ सप्टेंबर, सोमवार

१७ अ : एक. ४२ ब : चार. ६० : मेहुणाही आला नाही. भोंगा ओरडून म्हणाला, काय साहेब, किती किलो? सगळं ऑफिस वळलं. मी म्हटलं, हवामान. तेवढ्यावर भागलं.

२३ सप्टेंबर, रविवार

आज जाणारच होतो. पण काल रात्री लक्षात आलं की रंगीत तालीम झालेली नाही. नवी बस रस्त्यावर आणायच्या आधीसुद्धा रिकामी फिरवून बघतात. मग माणसं?

सकाळी सोफा म्हणजे नाव असं ठरवलं. जॅकेटं घातली. सौ.ला नावाडी केलं. तिला वल्ही म्हणून दिलेली लाटणी घेऊन ती स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. सासूबाईंना किनारा व्हायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तशी गेली दहा वर्षं आहेच.

कन्या मात्र माझ्या शेजारी सोफ्यावर जॅकेट घालून बसली. मी तिला लाटेच्या वेळी कसं वाकायचं ते दाखवलं. ती वाकली. मध्येच विचारलं की बाबा, तुम्ही कधी सरोवर बघितलंय का. मी म्हटलं, नकाशावर अनेकदा. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली. तालीम पूर्ण होईपर्यंत बारा वाजले, बस केव्हाच गेली होती. तालीम यशस्वी.

२४ सप्टेंबर, सोमवार

शेवटचे आकडे. ४२ ब : पाच. भोंगा म्हणाला, एकानेच हुकलीय बिचारी, राहू द्या ना, म्हातारीकोतारी जातात त्या बसने. मी म्हटलं, आज एकासाठी सोडलं की उद्या दोघांसाठी सोडावं लागेल. नियम म्हणजे नियम. उद्या सही करतो.

२६ सप्टेंबर, बुधवार

सही केली. अकरा फेऱ्या बंद. साहेबांनी पाठ थोपटली.

घरी सौ.ने विचारलं, ती सरोवराची बस नव्या वेळापत्रकात आहे ना? एकदा बघून घ्या. मला हसूच आलं. सगळ्या सहलीत एकच गोष्ट अशी आहे की जिच्याकडे बघायची गरज नाही, ती म्हणजे बस. म्हटलं, बसचं तू मला सांगतेस? चोवीस वर्षं काय गवत उपटतोय? ती म्हणाली, मी आपलं विचारलं. विचारायचंच कशाला?

३० सप्टेंबर, रविवार

पिशवी भरलेली. गांडुळं ताजी. काठी सुटी (खालच्या बाईंच्या मुलाने सोडवली, तेल लावून). सौ.ने डबा केला. पण उद्यापासून नवं वेळापत्रक, म्हणून सकाळी फक्त अर्ध्या तासासाठी ऑफिसला जाऊन आलो. संध्याकाळी परतलो.

वेळ सत्कारणी लागला. बंद फेऱ्यांच्या नोटिसांवरचे नंबर आणि सह्या तपासल्या. शिपायाला बजावलं की नोटिसा आधी लावायच्या नाहीत. आधी कळलं की लोक आधी तक्रार करतात. येत्या रविवारी पहाटेच प्रत्येक थांब्यावर लाव, आणि खळ घट्ट लाव, पाण्यासारखी नको.

कन्या गॅलरीत उभी होती. मी म्हटलं, पुढचा रविवार. ती म्हणाली, बाबा, पुढचा रविवार शेवटचा आहे. मी म्हटलं, शेवटचा म्हणजे हक्काचा.

७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी चार

निघालो! सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी साडेआठलाच थांब्यावर. मी अकरा खिसेवाल्या जाकिटात. कन्येकडे डबा आणि गांडुळं. सासूबाई चक्क दारापर्यंत आल्या आणि टाळी वाजवली. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, बघ, आपल्याला खिडकीची जागा.

सव्वानऊ झाले. बस नाही.

कन्या जरा पाय मोकळे करायला म्हणून खांबापाशी गेली. खांबावर काहीतरी कागद होता. ती तिथे बराच वेळ उभी होती. मग वळली, खांबाला पाठ टेकली आणि तशीच राहिली. मी म्हटलं, ये, बाकावर बस. म्हणाली, इथेच बरं आहे. ऊन आहे गं तिथे. म्हणाली, ऊन आवडतं मला. वेडी आहे.

साडेनऊ. पावणेदहा. माझं डोकं तापलं. मी विचारलं, एवढा उशीर? ती म्हणाली, येईल बाबा, तुमच्या बसा कधी चुकल्यात का? त्यावर मला भरून आलं. मुलीचा एवढा विश्वास, आणि ड्रायव्हर लेकाचा कुठे पेंड खातोय कोण जाणे.

दहा वाजता निर्णय घेतला. जाकिटाच्या सहाव्या खिशातून कागद काढला आणि कडक तक्रार लिहिली. ‘सरोवराची बस न पाठवणाऱ्या बेजबाबदार, निष्काळजी व जनतेच्या वेळेची किंमत नसलेल्या अधिकाऱ्याला तत्काळ जाब विचारावा.’ खाली नाव, पत्ता, सही. कन्या म्हणाली, बाबा, राहू द्या ना. मी म्हटलं, नागरिक गप्प बसतात म्हणूनच हे माजतात. खांबाच्या बाजूला तक्रारपेटी असते, तिच्यात कागद टाकून दिला. छान टप्पकन आवाज आला.

मग ती म्हणाली, मी समोरून चहा आणते. आणि खांब सोडून निघाली.

खळ खरंच घट्ट होती. अजून वाळली नव्हती. नोटीस खांबाची सुटून तिच्या पाठीला चिकटली होती. रस्ता ओलांडताना माझ्याकडे पाठ, आणि पाठीवर छापलेलं, जाड अक्षरात :

‘मार्ग ४२ ब, सरोवर. रविवारची फेरी प्रवाशांअभावी बंद.’

खाली सही. सही चांगली आली होती.

बाकावर बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. तीन रविवार. चार, चार, पाच. आम्ही दोघं एकदा, फक्त एकदा निघालो असतो तर सहा तरी भरले असते. आणि मी पाचाभोवती लाल गोल केला तेव्हा माझ्या पायाशी पिशवीत गळ होता, ऑफिसला जाताना दुकानातून बदलून घेतलेला.

पण बसून राहण्याचा माझा स्वभाव नाही. आधी तक्रार परत मिळवणं आवश्यक होतं. पेटीला कुलूप. फट बोटाएवढी. मग काठी जोडली, रीळ सोडली आणि गळ फटीतून आत सोडला.

कन्या दोन चहा घेऊन आली. मी पेटीसमोर काठी धरून वाकलेला. तिने क्षणभर बघितलं. मी म्हटलं, सराव करतोय. तिने चहा बाकावर ठेवला, जवळ आली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, काही लागतंय का?

मी म्हटलं, आत हालचाल आहे.

ती म्हणाली, जरा ढील द्या. मग तिने काठी हातात घेतली. मनगट असं हलकंसं फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मी शिकवलं नव्हतं. काहीतरी लागलं! हळूहळू वर ओढलं. कागद आला. माझा नव्हता. कोणीतरी कंडक्टरने सुटे पैसे दिले नाहीत म्हणून लिहिलेला चार ओळींचा. कन्या म्हणाली, लहान आहे, सोडून देऊ. परत आत टाकला.

मग आम्ही पाळीपाळीने बसलो. चहा झाला, डबा झाला. एकदा मला मोठं काहीतरी लागलं, पण फटीपाशी येऊन सुटलं. कन्या इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. का हसलो ते माहीत नाही. सोळा वर्षांत एवढा हसलो नसेन. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

माझी तक्रार काही लागली नाही.

निघताना तिच्या पाठीवरून नोटीस अलगद काढली. म्हटलं, थांब, धूळ लागलीय. ती पाठ करून उभी राहिली, हलली नाही. मी कागद घडी करून अकराव्या खिशात ठेवला. बहुतेक तिने वाचलेली नसावी. पाठीला काही डोळे नसतात.

वाटेत ती म्हणाली, बाबा, बस लेट होती म्हणूनच मजा आली.

गांडुळं तिने घरी गॅलरीतल्या कुंडीत सोडली. सासूबाईंनी मासे विचारले. मी काही बोलायच्या आत कन्या म्हणाली, एक आला होता आजी, सोडून दिला.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कन्या गेली. स्टेशनवर सूचनांचा कागद दिला तिला, गाड्या बदलायच्या वेळांचा. तिने वाचून नीट पर्समध्ये ठेवला. मग मिठी मारली आणि गाडी वेळेवर सुटली. गाड्या नको तेव्हा वेळेवर सुटतात.

टोपी इथेच राहिली आहे. खुंटीवर.

११ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिस. तक्रारपेट्या उघडल्या. भोंग्याकडे वाचायचं काम. माझी तक्रार त्याने वाचली. म्हणजे सगळ्या इमारतीने ऐकली. बेजबाबदारपर्यंत लोक हसत होते. सहीचं नाव वाचलं आणि एकदम सगळे गप्प झाले. ते जास्त वाईट होतं.

वेळापत्रकाच्या तक्रारींना उत्तर देण्याचा अधिकार वेळापत्रक विभागाच्या प्रमुखाला आहे. म्हणून दुपारी उत्तर लिहिलं : ‘महोदय, सदर फेरीस प्रवाशांचा प्रतिसाद नसल्याने ती बंद केली आहे. निर्णय योग्य असून फेरविचार शक्य नाही.’ पाकिटावर घरचा पत्ता. भोंगा म्हणाला, हातातच घेऊन जा की. असं चालत नाही. पोस्टाने पाठवलं.

फेरी पुन्हा सुरू करण्याचा नियम काढून बघितला. सलग तीन रविवार त्या बसमध्ये सहा डोकी हवीत. बस मात्र सुरू नसते. हा नियम मीच केला होता. चांगला पक्का नियम आहे.

१५ ऑक्टोबर, सोमवार

पाकीट आलं. सौ.ने उघडून वाचलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने जेवताना मला एक चपाती जास्त वाढली.

२१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेआठला तयार झालो. कुठे जायचं नव्हतं. जाकीट घातलं, काढलं. गॅलरीतल्या कुंडीला पाणी घातलं. गांडुळांमुळे असेल, झाडाला नवी पानं फुटली आहेत. सासूबाई म्हणाल्या, चला, कोणीतरी कामाला लागलं.

सव्वानऊला कन्येचा फोन आला. बरोबर सव्वानऊला. तिच्या खोलीतून सरोवर दिसतं म्हणे. आमच्याहून मोठं. दारातूनच बस आहे, दर वीस मिनिटांनी, रविवारीसुद्धा. तिने दोन साध्या बांबूच्या काठ्याही आणून ठेवल्या आहेत. म्हणाली, बाबा, पुढच्या रविवारी या. काही आणू नका, नुसते या.

माझ्या तोंडात हो आलं होतं. अगदी जिभेवर. पण गाड्या बदलायच्या, रजा टाकायची, तिकडचं हवामान बघायचं. असं एकदम कसं निघणार?

म्हटलं, नियोजन करून तारीख कळवतो.

ती म्हणाली, बरं बाबा.

सौ. शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, मी येते गं. पुढच्या रविवारीच. आजीलाही घेऊन येते.

सासूबाईंनी लगेच खुंटीवरची टोपी काढून आपल्या पिशवीत टाकली. मी विचारलं, आणि मी? सौ. म्हणाली, तुमची तारीख ठरली की कळवा.